न मागणाऱ्याचा कायदा

मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने राज्यकारभारात पडावे की नाही, हा प्रश्न निव्वळ तत्त्वचर्चेसाठी मांडला म्हणजे त्याला अंत राहत नाही. म्हणून तो एखाद्या विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट व्यक्तींच्या आयुष्यात कसा सुटला किंवा कसा सुटला नाही, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. असे एक ठिकाण अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात आहे. लॉस एंजलिसच्या पूर्वेस सॅन गॅब्रिएल खोऱ्यात मॉन्टेरी पार्क, ॲलहॅम्ब्रा, रोझमीड अशी एकमेकांना चिकटलेली गावे आहेत, आणि त्या बाजूचा एक मतदारसंघ राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे ८० सभासदांच्या कनिष्ठ सभागृहात, त्या काळी ४९ व्या क्रमांकाने ओळखला जाई. १९९८ साली तेथून ग्लोरिया रोमेरो निवडून आल्या. त्या मानसशास्त्राच्या डॉक्टर आणि लॉस एंजलिसमधील राज्य विद्यापीठात त्याच विषयाच्या प्राध्यापिका. २००१ च्या मार्चमध्ये त्या राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, गेल्या, जागा रिकामी झाली, आणि मे महिन्यातील पोटनिवडणुकीत त्या जागी जूडी चू निवडून आल्या. त्याही मानसशास्त्राच्या डॉक्टर, आणि मॉन्टेरी पार्कमधल्याच ईस्ट लॉस एंजलिस कॉलेजात १३ वर्षे तो विषय शिकवलेल्या. एका मानसशास्त्रज्ञाच्या खुर्चीवर दुसरी मानसशास्त्रज्ञ बसावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु या दोघींच्या हातून जे कायदे झाले त्यांची जात इतकी भिन्न आहे की, त्यांची तुलना केल्यावाचून विचार पुढे सरकत नाही.

ही तुलना माझ्यादेखत ज्या दोघांनी केली त्यांपैकी एक म्हणजे आमचे शेजारी मामा, ज्यांनी मंत्रालयाच्या विधी व न्याय विभागात उभी हयात विधेयकांचे मसुदे लिहिण्यात घालवली आणि निवृत्तीनंतरही ज्यांचा हात एखाद्या कलमातला फालतू शब्द खोडायला शिवशिवतो. आणि दुसरी त्यांची भाची, जी चिकित्सालयीन मानसशास्त्र शिकून पुष्कळ वर्षे त्याच सॅन गॅब्रिएल खोऱ्यात रुग्ण तपासते आहे आणि सुटीवर आली म्हणजे मामांशी वाद घालण्याचा आपला हक्क बजावल्याशिवाय परत जात नाही. दोघांचाही ज्ञानावर विश्वास आहे, दोघांनाही दुर्बळ माणसाची कणव आहे. मतभेद आहे तो ज्ञानाने कोठे बसावे याविषयी. त्यांचे बोलणे मी शक्यतो त्यांच्याच शब्दांत देतो.

मामा : माझी हरकत साधी आहे. तुझ्या शास्त्राचा धर्म एकांताचा, आणि विधिमंडळाचा धर्म चव्हाट्याचा. तू बंद दाराआड एका माणसाचे तासभर ऐकतेस, त्याचे नाव बाहेर काढीत नाहीस, आणि त्याच्या वागण्याची कारणे त्याच्याच आयुष्यात शोधतेस. कायद्याला माणूस दिसतच नाही. त्याला दिसतो तो ‘कोणताही इसम’. ज्याने आयुष्यभर इसमाला माणूस करण्याची विद्या शिकली, त्याने माणसाला इसम करण्याच्या कामावर का जावे?

भाची : कारण तो बंद दाराआडचा एकांतसुद्धा कायद्यानेच राखलेला असतो, मामा, आणि कायद्यानेच मोडलेला असतो. बर्कलीच्या विद्यापीठातली १९६९ सालची हकीगत तुम्हांला ठाऊक असेल. भारतातून तेथे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाला सांगितले की, आपण अमुक मुलीचा जीव घेणार. त्या मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला थोडा वेळ धरले, तो शुद्धीत बोलतो आहे असे पाहून सोडले. आणि त्या मुलीला किंवा तिच्या आईबापांना कोणीच काही सांगितले नाही. पुढे त्याने तिचा खून केला. टॅरासॉफ खटला म्हणून आम्हां सर्वांना पहिल्या वर्षी शिकवतात तो हाच. १९७६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अशा वेळी धोक्यातल्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे.

मामा : निकाल योग्यच होता.

भाची : योग्य होता, पण ‘वाजवी काळजी’ म्हणजे काय, हे त्यात कोठे होते? दहा वर्षे माझ्या व्यवसायातली माणसे रुग्णाच्या तोंडून रागाचा शब्द निघाला की घाबरत. शेवटी १९८५ साली विधिमंडळाने कायदा करून मर्यादा घातली: रुग्णाने स्वतः, ओळखता येईल अशा व्यक्तीविरुद्ध, शारीरिक इजेची गंभीर धमकी दिली असली तरच ही जबाबदारी, आणि त्या व्यक्तीला व पोलिसांना कळवले म्हणजे ती पार पडली. त्या खोलीत जो कधी बसला आहे त्यालाच कळते की, ‘मी त्याला ठार मारीन’ हे वाक्य माणसे किती निरनिराळ्या अर्थांनी उच्चारतात. हे कळणारे कोणीतरी मसुद्याच्या टेबलाशी असावे, एवढेच माझे म्हणणे.

मामा : टेबलाशी असावे, हे मान्य. समितीपुढे येऊन साक्ष द्यावी, लेखी निवेदन करावे, मसुदाकाराशी भांडावे. मी अशा तज्ज्ञांकडून पुष्कळ शिकलो आहे. पण मत मागायला दारोदार फिरावे, पक्षाचा शिक्का घ्यावा, देणग्या गोळा कराव्यात, याने त्या ज्ञानात कोणती भर पडते?

भाची : साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देता येतात. प्रश्न कोणता विचारायचा हे खुर्चीवरचा माणूस ठरवतो. जूडी चू राजकारणात कशा आल्या ते पाहा. लॉस एंजलिसमध्ये जन्मलेली ही चिनी वंशाची मुलगी १९७४ साली गणिताची पदवी घेते, १९७९ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट करते आणि कम्युनिटी कॉलेजात शिकवू लागते, म्हणजे तिच्यासमोर बसणारी मुले दिवसा काम करून शिकणारी, पुष्कळशी मेक्सिकन वंशाची, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. १९८५ साली रोझमीडच्या गार्वी शाळामंडळावर ती निवडून आली; तेवढ्यावरही ती कदाचित थांबली असती. पण त्याच सुमारास मॉन्टेरी पार्कमध्ये तैवान आणि हाँगकाँगहून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती झाली होती, दुकानांवर चिनी अक्षरे आली होती, आणि १९८६ साली नगरपरिषदेने ठराव केला की, इंग्रजी हीच या देशाची अधिकृत भाषा असावी. ग्रंथालयाने चिनी पुस्तके ठेवावीत की नाही, यावरही भांडणे झाली. त्या ठरावाविरुद्ध चिनी, मेक्सिकन, जपानी आणि गोरे रहिवासी एकत्र आले, ठराव मागे घ्यावा लागला, आणि त्या चळवळीतून पुढे आलेल्या जूडी चू १९८८ साली नगरपरिषदेवर गेल्या. पुढे त्या तीन वेळा महापौर झाल्या.

मामा : पाट्यांच्या भाषेचा प्रश्न आपल्याला नवा नाही, आणि त्यातली दोन्ही बाजूंची दुखरी जागा मला समजते. पण यात मानसशास्त्र कोठे आले? हे नागरिकाचे धैर्य आहे. ते शिंप्याच्या अंगी असते, शाळामास्तराच्या अंगी असते.

भाची : धैर्य नागरिकाचे, हे खरे. पण ज्या गोऱ्या म्हाताऱ्यांनी त्या ठरावाला पाठिंबा दिला त्यांना नुसते वर्णद्वेष्टे म्हणून झिडकारणे सोपे होते. मी त्या गावात पुष्कळ वृद्धांशी बोलले आहे. चाळीस वर्षे ज्या वाण्याकडून सामान घेतले त्याचे दुकान बंद होते, त्या जागी आलेल्या दुकानातली एकही पाटी वाचता येत नाही, आणि आपल्याच गल्लीत आपण पाहुणे झालो असे वाटते. ही वेदना खोटी नसते, तिच्यावर सांगितलेला उपाय खोटा असतो. वेदना आणि उपाय यांची फारकत करता येणे, हे माझ्या विद्येत शिकवतात. त्या गावात पुढली १३ वर्षे सर्व वंशांच्या मतांवर निवडून येत राहणे ज्या बाईला जमले, तिला ही फारकत जमली असली पाहिजे, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, पुरावा नव्हे.

मामांना हा प्रामाणिकपणा आवडला हे मला दिसले; तथापि ते मुद्दा सोडणाऱ्यांपैकी नव्हेत.

मामा : बरे, तर्क मान्य करू. आता शिडी पाहा. शाळामंडळ, नगरपरिषद, असेंब्ली, २००७ पासून राज्याच्या करमंडळाचे सभासदत्व, आणि २००९ साली थेट वॉशिंग्टनची काँग्रेस. मधल्या काळात, २००६ साली, असेंब्लीतली जागा सोडताना तीच जागा कोणाला मिळते? त्यांचे यजमान माइक एंग यांना. ते स्वतः वकील आहेत, नगरपरिषदेवर होते, मतदारांनी त्यांना रीतसर निवडले, हे मी जाणतो. पण आपल्याकडे एकाच घरात आमदारकी फिरली म्हणजे आपण जे म्हणतो, ते समुद्रापलीकडे गेल्याने बदलत नाही.

भाची : त्याचे समर्थन मी करणार नाही. शिडीबद्दल मात्र एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. १९९० साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १४० क्रमांकाचा प्रस्ताव संमत करून असेंब्लीतली कारकीर्द जन्मभरासाठी सहा वर्षांवर आणि सिनेटमधली आठ वर्षांवर आणून ठेवली. म्हणजे २००१ साली आलेल्या बाईला २००६ साली जाणे भागच होते. तुम्ही शिडी म्हणता, पण खालची पायरी कायद्यानेच काढून घेतलेली होती.

मामा : आणि तो कायदा मला अत्यंत अनिष्ट वाटतो. अर्थसंकल्पाची पुस्तके उलगडायला माणसाला चार वर्षे लागतात. सहाव्या वर्षी त्याला घालवले म्हणजे सत्ता कोणाकडे जाते? जे जात नाहीत त्यांच्याकडे. खात्यांचे सचिव आणि कारखानदारांचे वकील.

भाची : मतदारांनाही अखेर ते पटले असावे, २०१२ साली त्यांनी नियम बदलला, आणि आता दोन्ही सभागृहे मिळून १२ वर्षे मिळतात, हवी तर एकाच सभागृहात. पण मामा, त्या सहा वर्षांच्या नियमामुळेच जुनी माणसे हलली आणि बाहेरच्यांना वाट झाली. प्राध्यापिका रोमेरो आणि प्राध्यापिका चू या त्याच वाटेने आत शिरल्या.

येथवरचा वाद समसमान चालला होता. यानंतर मामांनी जो मुद्दा काढला तो मला सगळ्यांत वजनदार वाटला, कारण त्यात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा अनुभव उतरला होता.

मामा : जूडी चू असेंब्लीच्या विनियोजन समितीच्या अध्यक्षा होत्या. हे पद काय असते ते तुला ठाऊक आहे का? ज्या विधेयकाने राज्याच्या तिजोरीला दीड लाख डॉलरांहून अधिक तोशीस पडेल, ते त्या समितीच्या एका तहकूब दफ्तरात जाऊन पडते. तिकडे त्याला ‘सस्पेन्स फाइल’ म्हणतात. वर्षातून दोनदा ते दफ्तर उघडतात. सभागृह माणसांनी भरलेले असते; अपंग मुलांच्या आया, परिचारिका, शेतमजुरांचे प्रतिनिधी, सगळे आपापल्या विधेयकाचा क्रमांक हातात धरून बसलेले. अध्यक्ष क्रमांक वाचतो आणि पुढे म्हणतो, संमत. पुढचा क्रमांक, दुरुस्तीसह संमत. पुढचा क्रमांक, रोखून ठेवले. त्या वेळी चर्चा होत नाही, कारण सांगावे लागत नाही, कोणाचे नाव विरोधात नोंदले जात नाही. एका बैठकीत शेकडो विधेयकांचा निकाल लागतो. आता सांग, जी बाई एका माणसाचे तासभर ऐकण्याची विद्या शिकली, तिने हे क्रमांक वाचताना त्या विद्येचे काय केले असेल? मी तिला दोष देत नाही. राज्याची तिजोरी मर्यादित असते, कोणीतरी नाही म्हणावेच लागते. पण ते म्हणायला मानसशास्त्रज्ञ कशाला? तेथे हिशेबनीस पुरे.

भाची काही वेळ बोलली नाही. मग तिने उत्तर दिले ते सरळ नव्हते. तिने प्रश्नाची जागाच बदलली.

भाची : मामा, त्या दफ्तरातले प्रत्येक विधेयक कोणीतरी मागितलेले असते. त्या आया, त्या परिचारिका, ते प्रतिनिधी तेथे येऊन बसू शकले. जो येऊन बसूच शकत नाही, त्याचे काय? माझ्या विद्येने मला जर एकच गोष्ट शिकवली असेल तर ती ही की, ज्याला गरज सर्वांत अधिक असते तो बहुधा मागत नाही. लाजेने मागत नाही, भीतीने मागत नाही, किंवा आपल्याला त्रास होतो आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. २००५ सालची गोष्ट घ्या. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, फ्रेस्नो आणि बेकर्सफील्डच्या बाजूला, उन्हाळ्यात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो आणि त्या उन्हात मजूर द्राक्षे, कलिंगडे आणि टोमॅटो तोडतात. जूडी चू यांनी त्या वर्षी विधेयक आणले की, उष्माघातापासून मजुरांचा बचाव करणारा नियम राज्याने करावा. त्याच उन्हाळ्यात शेतावर काही मजूर मेले, हलकल्लोळ झाला, आणि ऑगस्टमध्ये राज्यपाल श्वार्झनेगर यांच्या शासनाने तातडीचे नियम लागू केले. पुढच्या वर्षी ते कायम झाले. साऱ्या देशात उघड्यावर राबणाऱ्यांसाठी असा नियम प्रथम तेथे झाला.

मामा : आणि त्या नियमात काय होते?

भाची : तासाला माणशी एक क्वार्ट पाणी, म्हणजे सुमारे एक लिटर. मुकादमांना आणि मजुरांना शिक्षण. आणि सावली, पण सावलीचे कलम असे होते की, ज्याला उष्म्याचा त्रास होत असेल किंवा विसाव्याची गरज आहे असे ज्याला वाटेल, त्याला किमान पाच मिनिटे सावलीत बसू द्यावे.

मामा : ‘असे ज्याला वाटेल.’ येथे घोटाळा आहे.

भाची : येथेच आहे. नगावर मजुरी घेणारा माणूस टोपली भरायची सोडून कधी म्हणेल की, मला सावलीची गरज वाटते? शेजारचा भरतो आहे, मुकादम पाहतो आहे, उद्या गाडीत घेतील की नाही हे त्याच मुकादमाच्या हातात आहे, आणि कित्येकांपाशी त्या देशात राहण्याचे कागदही नाहीत. त्यातून उष्माघाताची रीत अशी की, जसजसे अंग तापते तसतशी बुद्धी मंद होते; ज्याने मागायचे त्याचीच मागण्याची शक्ती आधी जाते. २००८ च्या मे महिन्यात स्टॉक्टनच्या पूर्वेस फार्मिंग्टनजवळच्या द्राक्षमळ्यात १७ वर्षांची एक मुलगी काम करीत होती. मेक्सिकोतून आलेली, नुकतीच दिवस गेलेली. पारा ९५ च्या वर होता. सावली नव्हती. पाणी होते, पण चालत दहा मिनिटांवर. दुपारी ती वेलींच्या रांगेतच कोसळली आणि दोन दिवसांनी रुग्णालयात वारली. नियम होऊन तेव्हा तीन वर्षे होत आली होती.

मामा : म्हणजे तुझाच दाखला तुझ्याविरुद्ध गेला. विधेयक आणणारी मानसशास्त्रज्ञ, नियम झाला, आणि मुलगी मेलीच.

भाची : पुढचे ऐका. २०१० साली नियम बदलला: पारा ८५ च्या वर गेला की सावली उभारलेलीच असली पाहिजे, कोणी मागो अथवा न मागो, आणि ९५ ला पोचला की मुकादमाने मजुरांवर नजर ठेवायची आणि पाणी पिण्याची आठवण करायची. २०१५ साली सावलीची मर्यादा ८० वर आणली, आणि शेतीच्या कामात ९५ च्या पुढे दर दोन तासांनी दहा मिनिटांचा विसावा सक्तीचा केला. सक्तीचा, मामा. ‘वाटेल त्याला’ हे शब्द जेथे जीव घेत होते, तेथून ते गेले. मागण्याचा भार मजुराच्या डोक्यावरून उतरून मालकाच्या डोक्यावर बसला.

मामा : हे मात्र उत्तम झाले. हे मी लिहिले असते तर मला अभिमान वाटला असता. परंतु न्याय करायचा तर पूर्ण कर. २०१० साली तुझी जूडी चू काँग्रेसमध्ये होती. ही दुरुस्ती करवली शेतमजूर संघटनेने, वर्तमानपत्रांनी, आणि त्या मुलीच्या मृत्यूने.

भाची : पूर्ण न्याय करते. दुरुस्तीचे श्रेय त्यांचे नव्हे. पण दरवाजा त्यांनी उघडला नसता, तर दुरुस्त करायला नियमच नसता. आणि माझा दावा एका बाईच्या श्रेयाचा नाहीच. माझा दावा असा की, विधिमंडळात मानसशास्त्रज्ञाने करायचे काम हेच आहे. प्रत्येक कलम हातात घेऊन विचारायचे की, याचा लाभ मिळायला कोणाला तोंड उघडावे लागेल, आणि तो उघडील काय?

मामा : छान. मग ही कसोटी दुसऱ्या बाईंना लाव. ग्लोरिया रोमेरो सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. २०१० च्या आरंभी त्यांच्या पुढाकाराने असा कायदा झाला की, नापास ठरलेल्या शाळेतल्या किमान निम्म्या मुलांच्या पालकांनी सह्या केल्या तर त्यांना शाळेचे प्रशासन बदलवता यावे, किंवा ती चार्टर पद्धतीने, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने, चालवणाऱ्या संस्थेकडे सोपवता यावी. कल्पना उदात्त आहे. गरीब आईबापांच्या हाती अधिकार. पण पुढे काय झाले? वाळवंटाकडच्या ॲडेलांटो गावात सह्या गोळा झाल्या. मग काही पालक म्हणू लागले की, आम्हांला समजले नव्हते, सही मागे घेऊ द्या. दुसरे म्हणाले, दडपण आणून मागे घ्यायला लावता आहात. प्रकरण न्यायालयात गेले, न्यायालय म्हणाले सही मागे घेता येत नाही, २०१३ साली शाळा चार्टर झाली. एकाच फाटकाशी मुलांना सोडायला येणाऱ्या आया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, असे मी वाचले. मनाच्या शास्त्राच्या प्राध्यापिकेला हे आधी दिसू नये?

भाची : दिसायला हवे होते. तो कायदा सही करणाऱ्याच्या बळावर उभा आहे, आणि दारात सही मागायला आलेल्या हसतमुख माणसाला नकार देणे किती कठीण असते, हे आम्ही वर्गात शिकवतो. तरी त्या बाईंच्या मागचा संताप मला परका वाटत नाही. पूर्व लॉस एंजलिसच्या शाळांतून अक्षरओळख नीट न होता बाहेर पडलेली मुले आमच्याकडे येतात. वर्षानुवर्षे समित्या नेमल्या जातात आणि मुलाचे बालपण मात्र संपून जाते. रोमेरो यांनी त्या प्रश्नासाठी आपल्या पक्षाशी आणि शिक्षकसंघाशी भांडण घेतले. २०१० साली शिक्षणप्रमुखाच्या निवडणुकीत हरल्या. आणि २०२४ साली तर पक्षच सोडून रिपब्लिकन झाल्या. माझे त्यांच्याशी पुष्कळ ठिकाणी पटत नाही, पण त्या खुर्चीसाठी गप्प बसल्या असे कोणी म्हणू शकणार नाही.

मामा : आणि तुरुंग? ते तर त्यांचे खास क्षेत्र होते.

भाची : होते. सिनेटमध्ये राज्याच्या तुरुंगांविषयी त्यांनी चौकशा चालवल्या, आणि २००५ साली तुरुंगखात्याची पुनर्रचना झाली तिचे विधेयक त्यांचेच. सुधार आणि पुनर्वसन हे खात्याचे काम म्हणून त्या वेळी उघड लिहिले गेले.

मामा : लिहिले गेले. पण १९९५ सालीच संघराज्याच्या न्यायालयाने म्हटले होते की, कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत मनोरुग्णांना मिळणारी वागणूक राज्यघटनेला धरून नाही. त्यानंतर सोळा वर्षे गेली. २०११ साली खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा तुरुंगांत जागेच्या जवळजवळ दुप्पट माणसे कोंबलेली होती, आणि खाटा नाहीत म्हणून आत्महत्येच्या बेतात असलेल्या कैद्यांना टेलिफोनच्या खोक्याएवढ्या, शौचकूप नसलेल्या पिंजऱ्यांत उभे केले जात होते. हे मी त्या निकालपत्रातच वाचले. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने कैद्यांची संख्या कमी करण्याचा हुकूम कायम केला. मानसशास्त्रज्ञ सभागृहात बसलेली असताना हे चालले होते. अखेर दाद दिली ती न्यायाधीशांनी.

भाची : हो. आणि ते का, हेही सांगते. तुरुंगातल्या वेड्या माणसाला मत नसते. त्याच्या बाजूने बोलणाऱ्याची मते मात्र जातात. एका बाईने चौकशी चालवली, दोन्ही सभागृहांतले बाकीचे ११९ सभासद पुढल्या निवडणुकीकडे पाहत राहिले. हा माझ्या विद्येचा पराभव आहे, मी तो लपवीत नाही. पण यावरून तुम्ही असे म्हणाल की मानसशास्त्रज्ञाने तेथे जाऊ नये, तर मी म्हणेन की एक पुरली नाही.

येथे मला स्वतःचे मत नोंदवल्यावाचून राहवत नाही. मामांचे आक्षेप खरे आहेत, आणि तरीही माझा कौल भाचीकडे जातो. कारण विधिमंडळांत वकील पुष्कळ असतात, आणि वकिलाचा सारा व्यवसाय फिर्याद करणाऱ्यावर चालतो. शेतकरी, व्यापारी, कंत्राटदार असतात, आणि त्यांना आपले मागणे नीट मांडता येते. जो आजाराने, भीतीने किंवा लाजेने मुका झाला आहे त्याच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, असे फार थोडे लोक तेथवर पोचतात. आणि पोचल्यावर त्यांना विनियोजन समितीचे क्रमांक वाचायला लागले, तरी कोणता क्रमांक कोणाचा आहे हे त्यांना कळते. २००४ साली जूडी चू यांनी करबुडव्यांसाठी जी अभययोजना आणली, तिची ख्याती फार झाली, कारण दोन महिन्यांत कोट्यवधी डॉलर जमले. पण त्यातला मोठा भाग बड्या कंपन्यांनी वादातील रकमेपोटी सावधगिरीने भरून ठेवलेला होता आणि तो परत मागितला जाण्याजोगा होता. मला त्या योजनेपेक्षा सावलीचे विधेयक मोठे वाटते. तिजोरीला त्याने काही मिळवून दिले नाही.

माझे बोलणे मामांनी ऐकून घेतले, आणि विचारले, ‘सावलीचा नियम आज कोठवर आला आहे?’

भाची : छपराखाली काम करणाऱ्यांपर्यंत. गोदामे, भटारखाने, शिवणाचे कारखाने. २०१६ साली विधिमंडळाने तसा नियम करायला सांगितले; तो २०२४ च्या जुलैपासून लागू झाला. आत पारा ८२ ला पोचला की थंड जागा आणि पाणी देणे मालकावर बंधनकारक.

मामा : सर्व इमारतींना?

भाची : तुरुंग सोडून. राज्याच्या वित्त खात्याने म्हटले, तुरुंगांना लावाल तर खर्च झेपणार नाही. म्हणून ते वगळले. तुरुंगांसाठी वेगळा नियम करू, असे सांगितले आहे.

मामा : म्हणजे तुझ्या एका बाईने ज्यांच्यासाठी चौकशा केल्या, त्यांनाच दुसरीने आरंभलेल्या नियमातून बाहेर ठेवले. आणि ‘वेगळा नियम करू’ याला मुदत घातली आहे?

भाची : नियमात नाही.

मामा : मग ते कलम कच्चे आहे. मी असतो तर वगळणाऱ्या पोटकलमाखाली एक परंतुक लिहिले असते: अमुक तारखेपर्यंत स्वतंत्र नियम अमलात आला नाही, तर हाच नियम त्या तारखेपासून कारागृहांनाही लागू होईल. कोणाला अर्ज करावा लागत नाही, कोणाला फिर्याद करावी लागत नाही. तारीख उलटली की संपले.

भाची : मामा, असे विधेयक आणले तर त्याला खर्चाचा आकडा जोडला जाईल, आणि ते सरळ तुमच्या त्या तहकूब दफ्तरात जाऊन पडेल.

मामा : पडू दे. क्रमांक वाचायला त्या दिवशी कोण बसणार आहे, तेवढे मला लिहून कळव.